काच, धातू आणि गिऱ्हाइकाचा हात

सन 2014 च्या एप्रिल महिन्यात सॅमसंग या कोरियन कंपनीने गॅलेक्सी एस-5 नावाचा जो फोन बाजारात आणला, त्याची पाठ प्लॅस्टिकची होती. ती नखाने उचकटून काढता येत असे, आतली बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने बदलता येत असे, साठवण वाढवण्यासाठी मेमरी कार्ड बसवता येत असे. आणि एवढी उघडझाप शक्य असूनही मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी फोनला अपाय होऊ नये, असा त्याचा दर्जा होता. बरोबर एका वर्षाने त्याच कंपनीने एस-6 आणला. त्याच्या पाठीला काच होती आणि कडेला ॲल्युमिनियम. बॅटरी आत कायमची कोंडली गेली, कार्डाची खाच नाहीशी झाली, पाण्यापासूनचे संरक्षण गेले, जाडी 8.1 मिलिमीटरवरून 6.8 वर आली आणि तिच्याबरोबर बॅटरीची क्षमताही 2800 वरून 2550 मिलिअँपिअर-तासांवर उतरली. कॅमेरा आणि पडदा यांत सुधारणा झाली होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि नित्याच्या उपयोगाच्या दृष्टीने पाहता गिऱ्हाइकाच्या पदरच्या चार सोयी एका फटक्यात काढून घेण्यात आल्या होत्या. असे असता परीक्षकांनी स्वागत केले ते या दुसऱ्या फोनचे, आणि पहिल्याच्या ठिपकेदार पाठीला जखमेवरच्या चिकटपट्टीची उपमा देऊन त्याची वासलात लावली.

गिऱ्हाइकाला काय हवे असते, हा प्रश्न कारखानदार, जाहिरातदार आणि बाजाराचे अभ्यासक यांनी आजवर असंख्य वेळा विचारला आहे. परंतु तो विचारताना गिऱ्हाईक म्हणजे एकच एक व्यक्ती, असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः फोनच्या बाबतीत एकाच देहात दोन गिऱ्हाइके नांदत असतात. पहिले दुकानाच्या काउंटरपाशी उभे असते, नवा फोन पाच-दहा मिनिटे हातात उलटसुलट करून पाहते आणि आपला कौल देते. दुसरे तोच फोन पुढची तीन-चार वर्षे पावसात, गर्दीत, स्वयंपाकघरात आणि दुचाकीच्या खणात वागवते. या दुसऱ्या गिऱ्हाइकाला कौल देण्याची संधीच येत नाही, कारण पैसे आधीच चुकते झालेले असतात. गेल्या दीड तपातल्या फोनची घडण पाहिली तर ती जवळजवळ संपूर्णपणे पहिल्याच्या मर्जीने झालेली आहे आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या नावे पडलेला आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिल्याची मर्जी कशी बनते, हे पाहण्याजोगे आहे. एखादी वस्तू हातात घेताच ती ‘भारी’ वाटते, या भावनेच्या मुळाशी बऱ्याच अंशी उष्णतेचे वहन आहे. ॲल्युमिनियम बोटांची ऊब झपाट्याने ओढून घेते, म्हणून खोलीच्याच तापमानाला असूनही ते गार लागते. काच याबाबतीत कितीतरी मंद, तरीही प्लॅस्टिकच्या सुमारे पाचपट वेगवान. आणि प्लॅस्टिक ऊब जवळजवळ ओढतच नसल्यामुळे हातात येताच कोमट भासते. दुसरे कारण वजनाचे. फोनला वापरतात ते पॉलिकार्बोनेट पाण्याच्या जेमतेम 1.2 पट घन असते, काच सुमारे अडीच पट, ॲल्युमिनियम 2.7 पट आणि पोलाद जवळजवळ आठ पट. ज्या समाजात तांब्यापितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या तागडीत तोलून घेतली गेली, त्या समाजाच्या तळहाताला गार आणि जड ते मोलाचे, हलके आणि कोमट ते किरकोळ, असे वाटले तर त्यात नवल नाही. आणि हा संस्कार आपल्यापुरताच आहे असेही नाही, साऱ्या जगाचा तळहात याच शाळेत शिकलेला आहे.

परंतु फोन हातातून सुटला की हा सर्व हिशेब उलटा होतो. पॉलिकार्बोनेट आघात होताच किंचित लवते आणि पुन्हा पूर्ववत होते. दंगलीच्या बंदोबस्तावरील पोलिसांच्या पारदर्शक ढाली याच द्रव्याच्या करतात, त्या काही उगाच नव्हे. काचेला लवण्याची मुभा फार थोडी असते, आणि ॲल्युमिनियम लवले तर परत येत नाही, पोचा राहतो. शिवाय फोन हे मुळात रेडिओलहरी ग्रहण करण्याचे यंत्र; या लहरी प्लॅस्टिकमधून आणि काचेमधून निर्वेध जातात, धातूपाशी अडतात. म्हणजे जे द्रव्य पडझड सोसते, लहरींना वाट देते, स्वस्तात हव्या त्या आकारात ओतता येते आणि हाताला भार होत नाही, नेमके तेच काउंटरवरच्या पाच मिनिटांत नापास ठरते.

प्लॅस्टिकच्या या दुर्लौकिकाला त्याचे कारखानदारही तितकेच जबाबदार आहेत. 2013 साली सॅमसंगने गॅलेक्सी नोट-3 काढला, त्याच्या प्लॅस्टिकच्या पाठीवर कातड्याचा पोत उठवलेला होता आणि कडेने टाके घातल्याचा देखावा होता, ज्यांत दोरा नव्हता. धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या कडा त्या काळी सर्रास असत. वर्षभरात मुलामा कोपऱ्यांवरून उडे आणि खालचे पांढरट अंग उघडे पडे. जे द्रव्य सतत दुसऱ्या कोणाचे तरी सोंग घेऊन बाजारात येते, त्याच्याविषयी लोकांच्या मनात आदर उत्पन्न होणार कसा? याच्या उलट उदाहरण 2011 सालच्या नोकिया एन-9 चे. त्याचे संपूर्ण अंग पॉलिकार्बोनेटच्या एका अखंड तुकड्यातून कोरून काढलेले होते आणि रंग वरून फासलेला नसून द्रव्याच्या आरपार होता, त्यामुळे ओरखडा पडला तरी खालून तोच रंग दिसे. प्लॅस्टिकने प्लॅस्टिक म्हणूनच सुंदर कसे व्हावे, याचा याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही. दुर्दैवाने ज्या प्रणालीवर तो फोन चालत असे, तिचा त्याग करण्याचा निर्णय कंपनीने तो बाजारात येण्यापूर्वीच जाहीर केला होता, आणि त्याचे अंग पुढे ल्युमिया मालिकेला मिळाले तरी ती मालिकाही टिकली नाही. 2013 मध्ये ॲपलने आयफोन 5-सी रंगीत पॉलिकार्बोनेटमध्ये काढला, आतून पोलादाच्या सांगाड्याचा आधार दिला. तरी लोकांनी धातूच्या 5-एस लाच अधिक पसंती दिली, आणि मागणीचे प्रमाण आपल्या अंदाजाप्रमाणे निघाले नाही, असे कंपनीच्या प्रमुखांना पुढे सांगावे लागले.

आता काचेची कथा. 9 जानेवारी 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे पहिला आयफोन दाखवण्यात आला, तेव्हा त्याच्या पडद्यावरचे आवरण प्लॅस्टिकचे होते. जूनच्या अखेरीस तो विक्रीस येण्यापूर्वी ते बदलून काच बसवण्यात आली, आणि तसे प्रसिद्धिपत्रकही काढण्यात आले. ही काच कॉर्निंग या अमेरिकन कंपनीची. रासायनिक रीतीने बळकट केलेली काच तिने 1960 च्या दशकातच सिद्ध केली होती, पण पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने ती विद्या कित्येक वर्षे दफ्तरात पडून राहिली. तिची युक्ती अशी: तयार काच सुमारे 400 अंश सेल्सियसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवायची, म्हणजे काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने शिरतात, या दाटीमुळे पृष्ठभाग सदैव दाबाखाली राहतो, आणि तडा पसरण्यासाठी त्याला आधी हा दाब ओलांडावा लागतो. प्लॅस्टिकला काही क्षणांत ओरखडणारी घराची किल्ली या काचेवर सहसा काही करू शकत नाही. वाळू मात्र करू शकते, कारण वाळूतला क्वार्ट्झ काचेहून कठीण असतो. किनाऱ्यावर फिरून आल्यावर खिशातल्या फोनवर उमटणाऱ्या बारीक रेघांचे कारण हेच. पडद्यासाठी काच निवडली गेली, हे सर्वथा योग्यच झाले. त्या जागी पारदर्शकता हवी आणि बोट सरकायला गुळगुळीत, कठीण पृष्ठभाग हवा. काच हे काम ज्या शोभेने करते तसे दुसरे काही करीत नाही. माझा आक्षेप आहे तो काचेने पाठही व्यापली, याला.

2010 च्या जूनमध्ये आलेल्या आयफोन-4 ला पुढे काच, मागे काच आणि भोवती पोलादी पट्टी होती. ती पट्टीच ॲन्टेना होती. देखणेपणात त्या फोनला तोड नव्हती. पण पट्टीच्या डाव्या बाजूस खाली जी फट होती, तिच्यावर तळहात पडला की सिग्नलची पातळी खाली येई. तक्रारी इतक्या वाढल्या की 16 जुलै रोजी स्टीव्ह जॉब्ज यांना पत्रपरिषद घेऊन कैफियत द्यावी लागली, आणि उपाय म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक आवरण मोफत देण्याचे ठरले. म्हणजे पोलाद आणि काच यांच्या त्या अलौकिक संगमावर अखेर रबर आणि प्लॅस्टिक यांचे कुंपण घालावे लागले. 2014 मध्ये आयफोन-6 ची जाडी 6.9 मिलिमीटरपर्यंत उतरवण्यात आली, आणि पँटच्या खिशात फोन वाकल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. आधीच्या फोनपेक्षा हा सव्वातीन पटींहून किंचित अधिक आणि त्याचे मोठे भावंड सात पटींहून अधिक वाकण्याजोगे आहे, असे कंपनीच्या आपल्याच अंतर्गत चाचण्यांत दिसले होते, हे चार वर्षांनी न्यायालयीन दस्तऐवज खुले झाल्यावर उघड झाले. पुढच्याच वर्षी अधिक बळकट मिश्रधातू वापरण्यात आला आणि फोनचे वजन 129 ग्रॅमवरून 143 वर गेले. फोन चौदा ग्रॅम जड झाला, म्हणून एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

पाठीच्या काचेचे समर्थन करताना बिनतारी चार्जिंगचा दाखला दिला जातो: धातूच्या पाठीतून ते होत नाही, म्हणून काच. हे अर्धेच सत्य आहे, कारण प्लॅस्टिकमधून ते तितकेच उत्तम होते. आणि उरलेल्या अर्ध्याचा निकाल आपल्याच देशातल्या बाजारात लागला. 2019 च्या प्रारंभी भारतात आलेला रेडमी नोट-7 हा दहा हजारांच्या आसपास किंमत असलेला फोन, आणि त्याला पुढेमागे दोन्हीकडे काच होती. बिनतारी चार्जिंग मात्र नव्हते. तशी काच त्यानंतर कित्येक मध्यम किमतीच्या फोनांना आली. ती कोणत्याही कार्यासाठी नव्हती. काउंटरवरच्या गार स्पर्शासाठी होती.

या काचेचे पुढे काय होते, हे पाहायचे तर दुकानाच्या झगमगाटातून बाहेर पडून दुरुस्तीच्या गल्लीत जावे लागते. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, हाताभर रुंदीच्या गाळ्यांत ही मंडळी बसतात. डोक्यावर भिंगाचा दिवा, समोर गरम तवा, आणि पत्र्याच्या कप्प्यांत स्क्रू इतके बारीक, की शिंक आली तरी तोंड फिरवून घ्यावे. त्यांची भाषा नेमकी आहे. पडदा आणि स्पर्शपटल यांचा जोड म्हणजे फोल्डर, वर चिकटवायची काच म्हणजे टेम्पर, अस्सल भाग म्हणजे ओरिजिनल आणि बाकीचे सारे कॉपी.

मी तिथे बसलेलो असताना एक वयस्क बाई रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन आल्या. कारागिराने तो तिरपा धरून पाहिला. “मावशी, टच चालतोय, पण डिस्प्ले गेलाय. अख्खा फोल्डर बदलावा लागेल.”

“किती होतील रे?”

“ओरिजिनल टाकला तर फोनच्या निम्म्याला जाईल. कॉपी स्वस्तात बसेल, पण उन्हात नीट दिसणार नाही.”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि मुलाला विचारून येते म्हणून फोन परत रुमालात गुंडाळला. त्या गेल्यावर मी कारागिराला जुन्या, पाठ निघणाऱ्या फोनांविषयी विचारले. “तेव्हा बॅटरीसाठी मला फोनला हात लावावा लागत नव्हता साहेब. गिऱ्हाईक बॅटरी घ्यायचं, इथंच उभ्या उभ्या बदलायचं आणि जायचं. आता तव्यावर ठेवून ग्लू सोडवायचा, पत्ती घालून पाठ उचलायची. त्यात काच तडकली तर ती माझ्या नावावर.” बॅटरी फुगल्यामुळे पाठ आपसूक उचलली गेलेले फोनही त्याच्याकडे येतात, आणि अशा वेळी त्याला सर्वांत अधिक भीती वाटते. आयफोन-8 पासून पुढच्या कित्येक फोनांची पाठीची काच तर सांगाड्याला इतकी घट्ट डकवलेली असे, की ती काढण्यासाठी या गल्ल्यांतून लेझरची यंत्रे आली. 2022 च्या आयफोन-14 मध्ये आतली रचना बदलून पाठ सुटी निघेल अशी व्यवस्था झाली, म्हणजे हे आधीही अशक्य नव्हते.

गल्लीच्या तोंडाशी मात्र आवरणांची दुकाने आहेत, आणि खरी विक्री तिथेच चालते. छपरापासून खाली लोंबणारी पारदर्शक, रंगीत, देवादिकांच्या आणि क्रिकेटपटूंच्या चित्रांची कव्हरे. किंमत शंभर-दीडशे रुपये, आणि द्रव्य सिलिकोन किंवा प्लॅस्टिकचाच एखादा प्रकार. नवा फोन घेऊन दुकानाबाहेर पडणारा मनुष्य घरी पोहोचण्याआधी त्याला या आवरणात घालतो, आणि त्यानंतर तो ज्या वस्तूला दिवसातून शेकडो वेळा स्पर्श करतो ती वस्तू म्हणजे हे पिवळे पडत जाणारे कव्हरच असते. ज्या काचेसाठी त्याने पैसे मोजले, तिचे दर्शन त्याला कव्हर पुसायला काढले तरच घडते. दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय हवे आहे, याचा याहून स्वच्छ जबाब कोणता असू शकेल? तो प्रत्येक जण आपल्या पदरच्या दीडशे रुपयांनी देत आहे, आणि कारखानदारांच्या दफ्तरी त्याची नोंद होत नाही.

ही नोंद एके काळी घेतली जात असे. 2003 साली आलेला नोकिया-1100 हा आपल्यासारख्या देशांतला वापर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला फोन: धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबरी कळपट, घामट हातातून निसटू नये म्हणून खडबडीत कडा, आणि वीज गेलेल्या गावासाठी टॉर्च. जगभरात तो 25 कोटींहून अधिक विकला गेला. त्याच कंपनीला पुढे दोन सिमकार्डांची आपली निकड ओळखायला मात्र उशीर झाला, आणि ती जागा मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांनी घेतली. एकदा चार्ज केली की महिनाभर पुरेल अशी बॅटरी, हेच मायक्रोमॅक्सच्या पहिल्या फोनाचे भांडवल होते. यांपैकी एकाही गुणाला गार स्पर्श नव्हता.

मी मागणीच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करीत नाही. लोक जे मागतात ते मिळाल्यावर घेतातच असे नाही, आणि कारखानदारांची ही तक्रार खरी आहे. लहान, एका हाताने चालवता येईल असा फोन हवा, असा घोष वर्षानुवर्षे होता. ॲपलने 2020 आणि 2021 साली 5.4 इंची मिनी काढून पाहिले, आणि अपेक्षित खप न झाल्याने 2022 मध्ये ती शाखा छाटली. आपल्याकडे तर मोठ्या पडद्याचे कारण उघड आहे: असंख्य घरांत तोच चित्रपट पाहण्याचा, शाळेचा अभ्यास करण्याचा आणि बँकेचे व्यवहार करण्याचा एकमेव पडदा असतो. परंतु मोठा पडदा मागणे ही उपयोगाची मागणी आहे. पाठीला काच असावी ही मागणी कोणी केलेली मी ऐकलेली नाही.

अलीकडे द्रव्यांच्या निवडीत काही शहाणपण परतू लागल्याची चिन्हे दिसतात. 2023 मध्ये ॲपलने आपल्या महाग फोनांना टायटॅनियम दिले, त्यामुळे वजन 206 ग्रॅमवरून 187 वर आले. परंतु टायटॅनियम उष्णता फार सावकाश वाहून नेते, आणि वेगवान चिपची उष्णता बाहेर काढणे ही आजची मोठी अडचण आहे. सप्टेंबर 2025 च्या आयफोन-17 प्रोमध्ये कंपनी ॲल्युमिनियमकडे परतली, आणि ऊब वाहून नेण्याचा जो गुण आजवर काउंटरवर मिरवला जात होता, तो प्रथमच खऱ्या कामाला लावला गेला. सॅमसंगने 2021 च्या गॅलेक्सी एस-21 ला पुन्हा पॉलिकार्बोनेटची पाठ दिली, परंतु एवढ्या किमतीत प्लॅस्टिक कसे, अशी टीका होताच नंतरच्या वर्षी काच परत आणली. गूगलच्या ए मालिकेतले फोन पॉलिकार्बोनेटची पाठ घेऊन नेटाने चालू आहेत. ‘व्हीगन लेदर’ नावाने आपल्या बाजारात ज्या मऊ पाठी येतात, त्याही बहुतांशी प्लॅस्टिकच्याच. सोंग अजून सुटलेले नाही, पण निदान त्या पडल्या तर फुटत नाहीत.

पाण्यापासून संरक्षण आणि हाताने निघणारी बॅटरी एकत्र नांदू शकत नाहीत, हे कारण अजूनही पुढे केले जाते. सॅमसंगचाच गॅलेक्सी एक्सकव्हर-7 हा फोन 2024 पासून भारतात प्रामुख्याने संस्थांना विकला जातो. तो पाण्याचा दर्जा राखतो आणि त्याची पाठही उघडते. गोदामातल्या कामगाराच्या हातात जे शक्य आहे, ते शिक्षिकेच्या किंवा भाजीवाल्याच्या हातात अशक्य ठरण्याचे काही कारण नाही.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आवाज काउंटरपर्यंत पोहोचवण्याचे काम आता काही सरकारांनी हाती घेतले आहे. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून विक्रीच्या वेळी फोनचा दुरुस्तीचा गुणांक दाखवणे सक्तीचे केले, आणि त्यात सुट्या भागांची किंमतही मोजली जात असे. युरोपीय संघाच्या 20 जून 2025 पासूनच्या नियमांनुसार फोनच्या लेबलावर दुरुस्तीची, बॅटरीच्या टिकाऊपणाची आणि पडणे सोसण्याच्या शक्तीचीही श्रेणी द्यावी लागते, आणि महत्त्वाचे सुटे भाग त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही सात वर्षे पुरवावे लागतात. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीनेही मे 2025 मध्ये दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाची शिफारस केली आहे. सुरुवात फोन आणि टॅब्लेट यांच्यापासून व्हावी आणि गुण विक्रीच्या जागी दिसावेत, असे तिचे म्हणणे आहे. ही शिफारस मंजूर होऊन अमलात येईल तेव्हा तिच्यात तीन गोष्टी अवश्य असाव्यात, अशी माझी दरखास्त आहे: अस्सल पडद्याची बदलून मिळण्याची किंमत, बॅटरीची तशीच किंमत, आणि मीटरभर उंचीवरून फरशीवर पडण्याच्या कसोटीचा निकाल. हे तीन आकडे डब्याच्या दर्शनी बाजूस, फोनच्या किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यावर मराठीतून छापलेले असावेत, म्हणजे रुमालात फोन गुंडाळून गल्ली चढण्याची वेळ येण्याच्या तीन वर्षे आधीच, हातात पैसे असताना, मावशींना ते वाचता येतील.